ठाण्याचा किल्ला, भिंतीबाहेरूनच

ठाण्याच्या किल्ल्यात आता तुरुंग आहे, त्यामुळे किल्ला बघायला गेलं की तुरुंगाची भिंत बघून परतावं लागतं. स्टेशनपासून जांभळी नाक्याच्या बाजारातून चालत गेले. फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती, जीव मेटाकुटीला आला. फाटकाशी पोलीस म्हणाले, "ताई, इथं थांबू नका, फोटोला मनाई आहे." आवाजात आदर होता, मी पुढे सरकले. याच तुरुंगात १८४८ साली इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे आणि १९१० साली क्रांतिकारक अनंत कान्हेरे फासावर गेले, हे आठवून पाय जड झाले.

कळवा पुलाजवळ, खाडीकडे तोंड करून बराच वेळ थांबले. पोर्तुगिजांचा हा किल्ला पुरा बांधून व्हायच्या आधीच, १७३७ साली, मराठ्यांनी घेतला. साष्टी, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचं बेट, पेशव्यांकडे आली आणि माहीमच्या खाडीपलीकडे मुंबईकर इंग्रजांना नवा शेजारी मिळाला. पुढे पेशवे बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगिजांच्या वसईला वेढा घातला तेव्हा पोर्तुगीज मुंबईकडे मदत मागत राहिले. इंग्रजांनी चर्चची चांदी गहाण ठेवून घेतली, कर्ज दिलं. लढायला फौज मात्र धाडली नाही. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. लगेच इंग्रजांकडून कॅप्टन इंचबर्ड अप्पांकडे बोलणी करायला गेला, कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे. जुलैत तह झाला, मराठी मुलखात इंग्रजांना व्यापार मोकळा झाला. त्याच सुमारास मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला तिथल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये दिले. तह पेशव्यांशी आणि खंदकही पेशव्यांच्याच धास्तीनं!

मला त्या सावधपणाचा राग येत नाही. मूठभर बेट राखायचं तर दुसरं काय करणार? राग येतो तो १७७४ चा. पेशवाईत घरभेद माजला होता, पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी खबर आली, आणि इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याचा हाच किल्ला इंग्रजांनी २८ डिसेंबरला हल्ला चढवून घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहात, इंग्रजांनी मधल्या काळात घेतलेली वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी नाहीच.

दुसऱ्या दिवशी घोडबंदरचा किल्ला पाहिला. ट्रॅफिकनं अर्धा दिवस खाल्ला.

तुरुंगात कुणाला सोडू नका, ते समजतं. पण बाहेर रस्त्यावर या लढायांचा एक ठळक मराठी फलक तरी लावा. मी भिंतीच्या कडेनं शोधत हिंडले, मला कुठेच दिसला नाही.