मैना बुजते

भाद्रपदी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. "मॅडम, घोडीला शांत व्हायची पावडर चालू केलीय. पंधरा दिवस झाले, फरक न्हाय. डोस वाढवू का?"

पावडर कोणी दिली, विचारलं. पुतण्यानं मोबाइलवरून मागवली होती.

जुन्नर तालुक्यात माझी प्रॅक्टिस आहे. रोजचं काम गाईम्हशींचं. घोडी हाताखाली येतात ती मोजकीच, आणि तीही बहुतेक बैलगाड्याच्या घाटातली, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरची. आमच्याकडे शर्यतीत गाड्याच्या पुढे घोडी पळते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, तेव्हा अनेकांनी घोड्या विकून टाकल्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि जानेवारीत अण्णांनी मैना आणली. कुमैत रंगाची, सात वर्षांची, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. त्या उन्हाळ्यात तिनं चार यात्रांचे घाट केले, कुठे अडखळली नाही. आता मात्र पोळ्याच्या मिरवणुकीत झूल घातलेला बैल शेजारून गेला आणि ती अशी उधळली की पुतण्या थेट गटारात.

गेले तर मैना बैलांच्याच गोठ्यात, एका टोकाला बांधलेली. कान फिरत होते, अंग ताठ. गव्हाणीचं लाकूड चावून चावून खरवडलेलं.

"काय खाते?"

अण्णांनी अभिमानानं सांगितलं. भिजवलेला हरभरा साडेतीन किलो, बाजरी एक किलो, गूळ, दोन लिटर दूध, चार अंडी. म्हणजे शर्यतीच्या बैलांची सगळी बडदास्त. आणि वैरण? संध्याकाळी कडब्याची एक पेंढी. जास्त दिली तर पोट सुटतं म्हणे.

बैलाला चार कप्प्यांचं पोट असतं, रवंथ असतो. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहतं, आत काही असो वा नसो. ते आम्ल मारायला लाळ लागते, आणि घोड्याला लाळ सुटते फक्त चावताना. हरभरा पाच-दहा मिनिटांत फस्त होतो, कडब्याला तासन्‌तास लागतात. बावीस तास दावणीला आणि त्यातले सोळा तास तोंड रिकामं, असं जनावर आतून जळत असतं. त्यातून एवढ्या दाण्याचा पिष्ट भाग जठरातून आणि लहान आतड्यातून न पचताच पुढं जाऊन मोठ्या आतड्यात आंबतो. वयात आलेल्या घोड्याला दूध तर नीट पचतच नाही. मैनाची लीद पातळ होती, आंबूस वासाची.

मग पुतण्यानं बरणी आणली. मॅग्नेशियम, बी-१ जीवनसत्त्व, ट्रिप्टोफॅन. शरीरात मॅग्नेशियम किंवा बी-१ कमी असेल तर जनावर चिडचिडं, थरथरतं होतं हे खरं. पण कमी नसेल तर वरून ओतून शांतता वाढत नाही. ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन हे मन निववणारं रसायन बनतं म्हणून ते घालतात. घोड्यांवरचे निष्कर्ष मात्र एकमेकांना छेद देणारे आहेत, थोड्या मात्रेत उलट अस्वस्थता वाढल्याचंही दिसलेलं आहे. "अपाय नाही," मी म्हणाले, "डोस वाढवू नका."

अण्णा घुटमळले. "आणि ही मुळी..." कागदाच्या पुडीत करड्या रंगाची भुकटी. बाजारात झाडपाल्यावाल्यानं दिलेली सर्पगंधा.

त्या पुडीनं मात्र माझा चेहरा बदलला असावा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग जगापुढे मांडला आणि १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पीन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. घोड्याला ते गुंगवतं खरं, पण उतरायला फार दिवस घेतं, जुलाब लावतं, पोटशूळ उठवतं. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारीत त्याला बंदी आहे ती उगीच नाही. आणि चिमटीत किती रिसर्पीन आलं, कोण मोजणार? पुडी मी पर्समध्ये टाकली. अण्णा काही बोलले नाहीत.

चंदी, म्हणजे दाणा, दहा दिवसांत हळूहळू दीड किलोवर आणायची, तीही तीन वेळा विभागून. एकदम बदललं तर पोट फुगेल. गूळ, दूध, अंडी बंद. कडबा आणि वाळलं गवत दिवसभर पुढ्यात, किमान पाच-सहा किलो. सोबत थोडा लसूणघास, त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवतं. सैंधवाचा खडा. आणि दिवसा दोन-चार तास पडीक रानात मोकळी सोडायची.

"कधीपासून बुजते?" शेवटी विचारलं.

"पाऊस लागल्यापासून."

मी वहीत लिहिलं, "पावसाळ्यापासून." आणि वही मिटली. खुराक तर वर्षभर तोच होता. मग पावसाळ्यात काय बदललं? तो प्रश्न माझ्याच अक्षरात महिनाभर वहीत पडून राहिला.

महिन्यानं मैना पुष्कळ निवळली. लाकूड चावणं थांबलं, लीद बांधून आली, खोगीर घालताना चावरेपणा गेला. पुतण्या खूष. त्याच्या मते सगळी करामत बरणीची. मी वाद घातला नाही. दोन्ही एकदमच चालू होतं, मग कशाचं श्रेय कशाला हे मी तरी कशाच्या जोरावर सांगणार?

पण बुजणं जात नव्हतं. दिवाळीच्या चार दिवस आधी सरावाला घाटात नेली आणि अर्ध्यावरच तिनं आडवी उडी मारली. पुतण्याचं मनगट मोडलं. मी पोचले तेव्हा त्याच्या हाताला फळी बांधलेली आणि अण्णा दारातच उभे.

"मॅडम, हिला डाव्या अंगाला भूत दिसतंय."

"डाव्याच?"

"कायम डाव्याच. उजवीकडनं ट्रॅक्टर गेला तरी कान हलवत न्हाय."

मी जागच्या जागी थिजले. आपण घोड्याकडे जातो डावीकडून, बसतो डावीकडून, चालवतो डावीकडून. डावीकडे बुजणारं घोडं बघून कोणालाही वाटतं, हे माणसाला भितंय.

उजव्या डोळ्यापुढे हात नेला, वारा लागू न देता. पापणी लगेच मिटली. डाव्या डोळ्यापुढे नेला. काही नाही. हात अगदी जवळ गेला तेव्हा तिनं मानच झटकली. डोळ्याखाली केसांवर पाण्याचा ओघळ वाळलेला होता. महिन्यापूर्वीही असणार. गोठ्यात अंधार होता म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण खिशात बॅटरी तेव्हाही होती.

दिवे लागायच्या वेळी तिला गोठ्याच्या आतल्या काळोखात उभं केलं आणि बाजूनं बॅटरी मारली. बुबुळावर निळसर साय आलेली. तिच्यामागे, बाहुलीच्या समोरून, एक पांढरा धागा सरकला. शेवईएवढा. उजेड पडल्याबरोबर त्यानं वेटोळं घातलं, सुटला, खालच्या कडेला बुडाला आणि पुन्हा वर आला.

पुतण्या मागे सरकला. अण्णा पुढे वाकले. "जित्तं हाय का त्ये?"

जिवंत होतं. सेटारिया नावाचा हा किडा मुळात गाई-बैलांचा. त्यांच्या पोटाच्या पोकळीत तो राहतो, त्यांना फारसा त्रास देत नाही. डास त्याची पिल्लं एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. घोड्याच्या अंगात शिरलेलं पिल्लू वाट चुकतं. कधी मणक्यात जातं, मग घोडं मागच्या पायांनी लटपटतं, त्याला कुमरी म्हणतात. कधी डोळ्यात उतरतं. आठ बैलांचा गोठा, शेजारी शेणाचा उकिरडा, त्यात पावसाचं साचलेलं पाणी. "पाऊस लागल्यापासून."

शिकताना परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात किडा काढायची शस्त्रक्रिया मी शेजारी उभं राहून पाहिली होती. स्वतः करायची ही पहिलीच वेळ. सरांना फोन केला. "सकाळी कर, उजेडात," ते म्हणाले, "आणि हात टेकवून ठेव. तिच्या डोक्यावर, हवेत नाही."

सकाळी झायलाझिन या गुंगीच्या औषधानं तिची मान खाली आणली, पापणी मिटवणारी नस बधिर केली, डोळ्यात बधिरतेचे थेंब सोडले. अण्णांनी तिचं डोकं कडब्याच्या पेंढ्यांवर तोलून धरलं. मनगट तिच्या गालफडावर टेकवलं आणि बुबुळाच्या कडेला, जिथे पांढरा भाग सुरू होतो तिथे, जाड सुई बुबुळाला समांतर आत घातली. सुई काढताच पाण्याची चिळकांडी उडाली. किडा आला नाही. मी श्वास रोखून थांबले. मग छिद्रातून एक टोक बाहेर डोकावलं, आणि चिमट्यानं धरून हळूच ओढल्यावर दीडेक इंचाचा तो धागा माझ्या हातमोज्यावर वळवळत पडला.

डोळ्यातले थेंब, सूज उतरायची इंजेक्शनं, जंतांवरचं आयव्हरमेक्टिन, आठ दिवस काळोख. साय महिनाभरात विरत गेली. कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका तेवढा उरला. मैनाचं ठाण अण्णांनी गोठ्यातून काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, मच्छरदाणी लावून.

"बैलाचा खुराक घातला, बैलांत बांधली, बैलाचा किडा घेतला बिचारीनं," ते म्हणाले आणि बराच वेळ तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले.

पुतण्याची बरणी संपली. पुन्हा मागवली नाही, आता तिच्यात नालांचे खिळे असतात. माघात यात्रेला मी घाटात गेले होते. मैना गाड्यापुढे सरळ पळाली. परत येताना कुणीतरी गाडीवर टाकलेली निळी ताडपत्री वाऱ्यानं फडफडली, तशी थबकली, मान वळवून दोन्ही डोळ्यांनी नीट बघितलं आणि मगच बुजली.