वाशाच्या लांबीएवढी खोली

दुबईच्या अल फहिदी या जुन्या भागात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता, की एवढी मोठी व्यापाऱ्यांची घरं, मधे ऐसपैस अंगण, आणि खोल्या मात्र इतक्या अरुंद का? लांबीला आगगाडीच्या डब्यासारख्या आणि रुंदीला जेमतेम तीन-साडेतीन मीटर. एक घर बघितलं, दुसरं बघितलं, चौथ्या घरातही तेच. मग वर मान करून छताकडे बघितलं आणि तिथेच उत्तर होतं.

छताला गोल गोल वासे होते, अगदी जवळजवळ लावलेले. याला तिकडे चंदल म्हणतात. हे खारफुटीचं लाकूड, आणि ते अरबस्तानातलं नाहीच, पूर्व आफ्रिकेतून यायचं, केनियाचं लामू, टांझानियातला रुफिजी नदीचा त्रिभुज प्रदेश, तिथल्या खाड्यांमधून तोडून. थंडीत ईशान्येचा वारा सुरू झाला की गलबतं खजूर वगैरे भरून खाली आफ्रिकेकडे जायची आणि नैऋत्येचा वारा सुटला की त्याच वाऱ्यावर वासे भरून परत यायची. आता या झाडाचा सरळ सोट भाग जेवढा लांब मिळतो तेवढाच वासा, आणि वासा जेवढा तेवढीच खोलीची रुंदी. आपल्याकडे नाही का जुनी माणसं दोन खणी घर, चार खणी घर म्हणायची, तसाच हिशोब, फक्त तिथला खण आफ्रिकेतल्या झाडाने ठरवलेला. मला हे कळलं तेव्हा मी खरंच बराच वेळ त्या खोलीत बसून राहिले, कारण तोपर्यंत मी घराचा आकार म्हणजे मालकाची आवड किंवा गवंड्याचं डोकं असंच समजत होते.

त्यानंतर मला नादच लागला. अरबस्तानच्या किनाऱ्यावरचं कुठलंही जुनं बंदर बघायला गेले की पहिला प्रश्न, हे सामान आलं कुठून? कारण या गावांकडे स्वतःचं फार थोडं होतं. मोठं झाड नाही, बांधायला चांगला दगड बऱ्याच ठिकाणी नाही, गोडं पाणी मोजकं. होता तो समुद्र. मग दगडसुद्धा समुद्रातूनच काढला, प्रवाळाचा.

प्रवाळाची भिंत जवळून बघायची असेल तर गिलावा पडलेली जागा शोधा. मला तशी जागा मिळाली सौदी अरेबियातल्या जेद्दाच्या अल बलदमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गावात, एका बोळात, डोळ्यांच्या उंचीवर. लांबून साधा मळकट पांढरा दगड वाटतो, पण जवळ गेलं की त्यात नागमोडी रेषा दिसतात, मेंदूच्या वळ्यांसारख्या, आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं. म्हणजे एके काळी जिवंत असलेली गोष्ट. वजनाला हलका, कापायला सोपा, आणि सच्छिद्र असल्यामुळे ऊन लगेच आत पोचू देत नाही. पण ताकदीला कमी. म्हणून जेद्दाच्या गवंड्यांनी काय केलं, तर ठरावीक थरांनंतर भिंतीत आडवे लाकडी ओंडके घातले, त्याला तकालील म्हणतात. वरचं वजन सगळीकडे सारखं पसरतं, आणि जमीन थोडी खचली तरी भिंत एकदम फुटत नाही, लाकडाबरोबर जराशी हलते. अशा मऊ दगडाचे चार-पाच मजले चढवले आहेत हो, गंमत नाही!

आणि मग त्या रोशन. रोशन म्हणजे भिंतीच्या बाहेर आलेली लाकडी खिडकी, जाळीची, कधी कधी एकावर एक थेट वरच्या मजल्यापर्यंत गेलेली, हिरव्या, निळ्या, तपकिरी रंगाची. खिडकी म्हटलं तरी आत माणूस आरामात बसेल, झोपेल एवढी मोठी. बाहेर आल्यामुळे तीन बाजूंनी वारा लागतो, जाळीमुळे आतल्या बायकांना रस्ता दिसतो पण रस्त्यावरून आतलं कोणी दिसत नाही, आणि तिथेच पाण्याची मातीची भांडी ठेवायची म्हणजे वाऱ्याने पाणी गार. सावली खाली बोळात पडते, म्हणजे रस्त्याने चालणाऱ्यालासुद्धा फायदा. मी भर दुपारी त्या बोळातून चालत होते, तिथे चालवत होतं. पण मोकळ्या चौकात आले आणि दोन मिनिटांत डोकं तापलं.

या रोशनचं चांगलं लाकूड म्हणजे सागवान, भारतातून आणि जावा बेटाकडून आलेलं. आणि अरबीत सागाला शब्द काय आहे माहितीये? साज. शब्दसुद्धा लाकडाबरोबरच गलबतात बसून गेला. हे वाचल्यावर मला जो आनंद झाला तो शब्दात सांगता येत नाही, त्या दिवशी ऑफिसमध्ये जो भेटेल त्याला मी हे सांगत होते.

जेद्दा हे मक्केचं बंदर, इ. स. 647 मध्ये खलिफा उस्मान यांनी ते ठरवलं, तेव्हापासून हजला समुद्रमार्गे येणारी माणसं इथेच उतरत आली. 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, आगबोटी वाढल्या, व्यापाऱ्यांकडे पैसा आला आणि आज आपण बघतो ती बरीचशी उंच घरं त्यानंतरची. नसीफ या व्यापारी घराण्याचं घर त्यातलंच, 1881 मध्ये पूर्ण झालेलं. त्याचा जिना इतका रुंद आणि चढ इतका हळू आहे की सामान लादलेले उंट वरच्या स्वयंपाकघरापर्यंत जायचे असं सांगतात. समोर कडुलिंब आहे, आणि बरीच वर्षं जुन्या गावातलं ते एकमेव झाड असल्यामुळे लोक त्याला झाडाचं घर म्हणायचे. 1925 मध्ये अब्दुलअझीझ, जे पुढे सौदी अरेबियाचे पहिले राजे झाले, ते जेद्दात आले तेव्हा याच घरात राहिले. गावाभोवतीची तटबंदी 1947 मध्ये पाडली, आता दरवाजे तेवढे उभे आहेत. 2014 पासून हा सगळा भाग जागतिक वारशात आहे.

बहरीनच्या मुहर्रकबद्दल खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. ते मोत्यांचं गाव. 1930 च्या आसपास जपानी कल्चर्ड मोती बाजारात आले, त्यात जगभरची मंदी, आणि तो धंदाच बसला. तिथे आता साडेतीन किलोमीटरचा मोत्यांचा मार्ग केलाय, 17 इमारतींमधून जाणारा. आवडलं ते हे, की फक्त श्रीमंतांचे वाडे नाही ठेवले, पाणबुड्याचं साधं घरही त्यात आहे.

पण जपणुकीबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मला मनापासून बोलायचीये. अल बलदमध्ये एक मिस्त्री भिंतीला चुन्याचा गिलावा करत होते, हिंदी छान बोलत होते, मी विचारलं सिमेंट का नाही, लवकर होईल की. ते म्हणाले, मॅडम, सिमेंट वरून घट्ट बसतं, आतली ओल आणि मीठ अडकतं, मग ते मीठ बाहेर यायला दगडच फोडतं. शेजारच्या भिंतीवर त्यांनी दाखवलं, पूर्वी कोणीतरी सिमेंट थापलं होतं, त्याचा पापुद्रा हाताने निघत होता आणि मागचा दगड पिठासारखा भुगा होऊन खाली पडत होता. समुद्रातून काढलेला दगड, त्यात मीठ असणारच, आणि जमिनीतून खारं पाणी वर चढतंच राहतं. हे जुन्या गवंड्यांना माहीत होतं म्हणून चुना होता. नुसता दिसायला जुना म्हणून सिमेंटवर रंग मारून वारसा जपला असं जिथे जिथे केलंय तिथे ते घर आतून मरतंय, आणि मला हे बघवत नाही. अल फहिदीचा तर जवळपास अर्धा भाग 1980 च्या दशकात पाडलाच गेला, आज आपण फिरतो ते उरलेलं.

तिथले वाऱ्याचे मनोरे, बर्जील, याबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी थोडक्यात आवरते. चारी बाजूंनी उघडे, आत तिरप्या भिंती, वारा कुठूनही आला तरी खाली खोलीत ढकलला जातो. ते बांधणारे व्यापारी पलीकडच्या इराणच्या किनाऱ्याकडून आलेले, दुबईत जकात माफ झाली म्हणून, आणि येताना मनोऱ्याची कल्पना घेऊन आले.

येत्या थंडीत ओमानमध्ये सूरला जायचं ठरतंय. तिथे लाकडी गलबतं बांधायचा जुना कारखाना आहे आणि 1951 मध्ये तिथेच बांधलेलं फतह अल खैर नावाचं जहाज किनाऱ्यावर ठेवलंय. मला त्याची लाकडं बघायची आहेत, आणि मग गावात जाऊन दारांची. यावेळी टेप सोबत घेऊन जाणार आहे, प्रत्येक खोलीची रुंदी मोजायची, आणि मान वर करून वासे.