गायस-लुशियस डिनारियस : वर्गवारी कुठवर आली

या फेरीत रोमन सम्राट ऑगस्टसचे फक्त गायस-लुशियस प्रकारचे डिनारियस (रोमन चांदीची नाणी) घेतले आहेत. लुग्दुनमच्या (आजचे ल्यों) टाकसाळीत पाडलेले हे नाणे भरपूर मिळते. दक्षिण भारतात सापडलेल्या निधींतही (पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यांतही) हे आणि ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याचेच जास्त. पुढच्या बाजूच्या लेखात ‘पातेर पात्रिए’ (राष्ट्रपिता) येते. ही पदवी ऑगस्टसला इ.स.पू. 2 मध्ये मिळाली, म्हणजे नाणे त्याआधीचे असूच शकत नाही.

मागच्या बाजूला टोगा (रोमन अंगवस्त्र) घातलेले दोघे भाऊ, म्हणजे ऑगस्टसचे दत्तक मुलगे गायस आणि लुशियस, मध्ये ढाली आणि भाले. नजर भावांवर जाते, पण पोटप्रकार ठरतो तो वरच्या दोन चिन्हांवरून. पळी पाँटिफेक्स (पुरोहित) असलेल्या गायसची. शकुन पाहण्याची वाकडी काठी ऑगर (शकुन सांगणारा पुरोहित) असलेल्या लुशियसची. काही ठशांत पळी डावीकडे, काहींत काठी. झिजलेल्या नाण्यावर पळीचा नुसता ठिपका आणि दांडी उरते. वरून सरळ उजेड टाकला तर तेही दिसत नाही. दिवा जवळजवळ टेबलाला टेकवून नाणे हळूहळू फिरवायचे, की काठीचा आकडा सावलीत उठतो. खालची ‘सी एल सीझारेस’ ही ओळ बरेचदा चकतीबाहेर गेलेली असते. तिच्या भरवशावर राहू नये.

नाणे आतून चांदीचेच आहे का हे पाहायला घनता मोजतात; त्यासाठी 0.01 ग्रॅमचा काटा कामाचा नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा, नाणे बारीक दोऱ्याने तळाला न टेकवता पाण्यात सोडायचे आणि दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागायचे. एका नाण्याचे 3.718 ÷ 0.361 = 10.30 आले, चांदी ठीक. पण त्या 0.36 मध्ये एका शतांशाची चूक झाली तरी उत्तर सुमारे 0.3 ने सरकते, म्हणून 0.001 चाच काटा हवा. अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकले तर घनता कमी दिसते. नाणे आधी पाण्यात बुडवून मऊ ब्रशने पुसून घ्यावे. दुसरे 3.112 ÷ 0.345 = 9.02 निघाले. कडेला हिरवट ठिपका होताच : तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा. असले नाणे ‘डिप’मध्ये (चांदी उजळण्याच्या द्रावणात) मुळीच घालू नये, फटीतून आत गेलेले रसायन पत्रा उचलते.

एकाच्या चेहऱ्यावर आडवा छिन्नीचा घाव आहे. भारतात सापडलेल्या नाण्यांवर असे घाव दिसतात, पण तेवढ्यावरून ‘भारतीय निधीतले’ असे लिहिलेले नाही. नोंदीत फक्त घावाची जागा आणि लांबी.

पुढच्या फेरीत टायबेरियसच्या डिनारियसवरची बसलेली स्त्री. तिथे खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार, आणि खाली रेघ किती, यावर वर्गवारी होईल.