जंगलापुरती इंग्रजी

ताडोब्यात गाइड म्हणून माझी इंग्रजी तशी चालून जाते. जर्मन, स्पॅनिश पाहुणे असले तर बिनधास्त बोलतो. त्यांचीही इंग्रजी शिकलेलीच असते. खुद्द इंग्लंडची माणसं जिप्सीत बसली की घशाला कोरड पडते. ऐनाची मगरीसारखी साल, कडईचं पांढरं खोड, वाघाची चाहूल लागली की सांबर देतं तो कॉल, सगळं तोंडपाठ. तरी आवाज फुटत नाही.

एप्रिलमधल्या त्या सकाळी असंच एक वयस्क जोडपं होतं. बफरच्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतालच्या पट्ट्यातल्या, रस्त्यानं जाताना मोहाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाया दिसल्या. पाहुण्या बाईंनी विचारलं, यांना वाघाची भीती नाही वाटत?

प्रशिक्षणात पक्ष्यांची नावं झाली होती. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 साली व्याघ्र प्रकल्प झाला, हेही पाठ होतं. पण माझ्या आईनं जन्मभर मोहफुलं वेचली, त्याबद्दल इंग्रजीत सांगायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं. कान तापले. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "काहून चूप बसला भाऊ? सांग ना त्यायले."

सांगितलं मग, तुटक तुटक. फुलं रात्री-पहाटे गळतात, म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली जावं लागतं. वाघाचीही फिरायची वेळ तीच. वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं. भीती वाटतेच, पण उन्हाळ्यात हातात पैसा येतो तो याच फुलांचा, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा. तलावाकाठच्या तारूचंही सांगितलं. तो वाघाशी झुंजताना गेला म्हणतात, ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडलं, आणि आदिवासी त्याला देव मानून पूजतात.

मधे कितीदा तरी अडलो. बरेच पाहुणे अशा वेळी शब्द पुरवतात, वाक्य स्वतःच पुरं करतात. मदतच करतात, पण त्यानं आणखी ओशाळल्यासारखं होतं. या बाई थांबल्या. माझं वाक्य संपू दिलं आणि मगच पुढचं विचारलं: माणूस गेलं तर घरच्यांचं काय होतं? वनविभागाची भरपाई, पंचनामा, कागदपत्रं, हे समजावता समजावता लाज कधी मागं पडली, कळलं नाही.

गावच्या पोराला गाइड करता, तर त्याला गावाबद्दलही बोलता यायला हवं. पुढच्या प्रशिक्षणात मोहफूल, तेंदूपत्ता, भरपाई यांवर इंग्रजीत बोलायचा सराव घ्या, असं मी लेखी दिलं आहे.