सेवापुस्तकातली उंची

पाठ दुखते म्हणून कराडच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांचे दुखणे स्नायूंचे असते, आणि ते चार व्यायामांनी आवरते. त्या सकाळी आलेल्या 66 वर्षांच्या निवृत्त शिक्षिकाही वरकरणी तशाच वाटल्या. अंगाने सडपातळ, प्रीतिसंगमावर नेमाने फिरायला जाणाऱ्या. गावात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. हातातल्या चिठ्ठीवर ‘पाठीचे व्यायाम शिकवावेत’ एवढेच लिहिले होते. योगवर्गात पश्चिमोत्तानासन, म्हणजे बसून पुढे वाकायचे आसन, करताना पाठीत कळ आली, तेव्हापासून उभे राहिले की जीव जातो आणि आडवे पडले की बरे वाटते, असे त्यांनी सांगितले. हे शेवटचे वाक्य मला खटकले.

“बाई, तुमची उंची किती?”

“पाच फूट दोन इंच. सेवापुस्तकात मोजून नोंदलेली आहे.”

भिंतीशी उभे करून मोजली, तर ती 151 सेंटिमीटर भरली. म्हणजे नोकरीला लागतानाच्या उंचीपेक्षा सुमारे सहा सेंटिमीटर कमी. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नव्हती आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्यामध्ये माझी दोन बोटेही मावत नव्हती. “मला वाटायचं, परकर शिवणाराच माप चुकवतोय,” बाई म्हणाल्या. वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या थोड्या दबतात हे खरे. पण तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटली असेल, तर एक्स-रे पाहिल्याशिवाय पाठीचा एकही व्यायाम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी एक्स-रे आला. पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबला होता, आणि आठवाही दबलेला होता. तो मात्र जुना असावा, कारण त्याचे दुखणे बाईंना आठवतही नव्हते. मणक्याचा पुढचा भाग आतून जाळीदार हाडाचा असतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले की हाड झिजवणाऱ्या पेशींचे काम हाड बांधणाऱ्या पेशींपेक्षा वेगाने चालते आणि ही जाळी विरळ होत जाते. पुढे वाकल्यावर सारा दाब नेमका तिथेच येतो, म्हणून निरोगी पाठीला चालणारे आसन अशा पाठीला मोडू शकते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घेतली. कमरेचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला घनतेचा आकडा, उणे 3.1 निघाला; तो उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. ड जीवनसत्त्वही फारच कमी होते. औषध तज्ज्ञांनीच ठरवले: आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची गोळी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. ही शिस्त पाळली नाही तर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. दुधाबरोबर घेतली तर गोळी अंगी लागतच नाही.

“दूध मी रोज घेते,” असे बाई ठामपणे सांगत होत्या. हिशेब मांडला तेव्हा ते दूध दोन कप चहातले निघाले, म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला 1,200 मिलिग्रॅमची गरज सांगितली जाते. ज्वारीच्या भाकरीतून ते जवळजवळ मिळतच नाही; नाचणीत मात्र 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि ती पाटणच्या डोंगरातून आमच्या बाजारात येतेच. म्हणून सकाळी नाचणीची भाकरी, जेवणात तिळाची चटणी, माठाची भाजी, दोन्ही वेळा वाटीभर दही, आणि उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा असे ठरले. पालकावर विसंबू नये, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवते. त्याहून मोठी उणीव प्रथिनांची होती. रात्री भाकरी आणि दुधीची भाजी खाऊन झोपणाऱ्या शरीराने स्नायू कशाच्या जोरावर टिकवायचे? तिथे डाळ, उसळ आणि पनीर आले. अंडे त्यांनी नाकारले.

घरच्यांना मात्र पूर्ण विश्रांती हवी होती. तीव्र वेदनेचे काही दिवस ठीक. पण हाडावर भार पडला नाही की ते आणखी झिजते. पहिला धडा अंथरुणातून उठण्याचा होता: कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने उठायचे. दुसरा वाकण्याचा: पाठ सरळ ठेवून खुब्यात आणि गुडघ्यात वाकायचे. वेदना ओसरल्यावर खुर्चीतून हात न टेकता उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका रेषेत पावले टाकत चालणे, खांदे मागे खेचणे, आणि पुढे हळूहळू वजन वाढवत नेणे असा क्रम लावला. बाईंचा आक्षेप असा होता की आपण इतके चालतो, मग हे कशाला? चालणे हृदयाला उत्तम आहे, पण नुसत्या चालण्याने मणक्याचे हाड फारसे बळकट होत नाही आणि तोलही फारसा सुधारत नाही. आणि खुब्याचे हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळेच. न्हाणीघरातल्या ओल्या शहाबादी फरशीवर रबरी पट्टे बसवायला लावले, तेव्हा मुलगा थोडा कुरकुरला.

काही महिन्यांनी बाईंनी योगवर्गाच्या शिक्षकांनाच माझ्याकडे आणले. कोणाला पुढे वाकवू नये, हा त्यांचा रास्त प्रश्न होता. ज्यांची उंची घटली आहे, ज्यांचा मणका, मनगट किंवा खुबा किरकोळ पडण्यानेही मोडला आहे, ज्यांची रजोनिवृत्ती चाळिशीच्या आसपासच झाली, आणि दम्यासाठी किंवा संधिवातासाठी ज्या दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतात, त्यांना आधी तपासणीला पाठवा, असे मी सांगितले. त्यांनी वर्गाच्या नोंदवहीत उंचीचा रकाना वाढवला आहे.