सेलेच्या काठाकाठाने: फिझाक ते काऑर

सायकलने तीन दिवसांत जेमतेम शंभर किलोमीटर. नाशिकहून आलेल्या माझ्या मावसभावाला हा आकडा सांगितला तेव्हा त्याने फोनवरच नाक मुरडलं. तो रविवारी सकाळी नाश्त्याच्या आधी कसारा घाट उतरून परत चढणारा माणूस. "अरे, हे तर एका दिवसाचं काम," म्हणाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र तोच म्हणत होता, की अजून एक दिवस हवा होता.

नोकरीनिमित्त मी फ्रान्समधल्या तुलूझला राहतो. इथून उत्तरेला रेल्वेने गेलं की लोत नावाचा जिल्हा लागतो. त्यातून लोत नदी वाहते आणि तिला येऊन मिळते सेले नावाची धाकटी नदी. पर्यटक जातात ते लोतकाठच्या सॅं-सिर्क-लापोपीला किंवा उत्तरेच्या रोकामादूरला. सेलेच्या खोऱ्यात फारसं कुणी थांबत नाही, आणि सायकलवाल्याला नेमकं तेच हवं असतं. हिच्या काठाने जाणारा डी ४१ हा रस्ता मी फ्रान्समध्ये आजवर चालवलेल्या रस्त्यांमध्ये सगळ्यात शांत. एके ठिकाणी घड्याळ लावून मोजलं: वीस मिनिटांत चार गाड्या, त्यातली एक पोस्टाची.

फिझाकला आम्ही गुरुवारी संध्याकाळी पोचलो आणि शुक्रवारी निघालो, ही पहिली चूक. शनिवारी सकाळी इथे मोठा बाजार भरतो आणि तो हुकला. मात्र शनिवारी निघालात तर तिसरा दिवस सोमवार येतो, आणि सोमवारी या भागात बेकरीसकट निम्मी दुकानं बंद असतात. काय गमवायचं ते आधीच ठरवा.

गाव मध्ययुगीन व्यापाऱ्यांचं. दगडी घरांच्या वरच्या मजल्यावर कातडी आणि कापड वाळवायला केलेले उघडे माळे अजून दिसतात. इथेच १७९० साली शांपोलियों जन्मला, इजिप्तची चित्रलिपी १८२२ मध्ये उलगडणारा. त्याच्या जन्मघरात आता जगभरच्या लिप्यांचं संग्रहालय आहे आणि मागच्या चौकात एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेल्या रोझेटा शिळेची अवाढव्य प्रतिकृती काळ्या ग्रॅनाइटमध्ये जमिनीवरच अंथरली आहे. तिच्यावरून चालता येतं. चित्रलिपी, डेमॉटिक (इजिप्तची रोजच्या वापरातली लिपी), ग्रीक, एकामागून एक पायाखालून जातात. आपल्याकडे जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली ती यानंतर पंधरा वर्षांनी, १८३७ मध्ये. मावसभावाने विचारलं, "प्रिन्सेपचा असा चौक कुठे आहे?" कोलकात्यात त्याच्या नावाचा घाट आहे, एवढंच मला सांगता आलं.

फिझाकमधून बाहेर पडताना पहिले काही किलोमीटर वाहतूक असते. सकाळी लवकर निघा, म्हणजे तेवढा तुकडा डोक्याला ताप न देता संपतो. डी ४१ लागला की दोन्ही बाजूंना चुनखडीचे पिवळट-करडे कडे उभे राहतात. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मका, अक्रोडाची झाडं आणि नदी. आपण नदीच्या प्रवाहाबरोबर उतरत असतो, तरी रस्ता सपाट आहे असं समजू नका. कडा नदीला टेकला की रस्ता वर चढतो आणि पुन्हा खाली येतो. चढ छोटे, पण दिवसभरात पंचवीस-तीस वेळा. सामान लादलेलं असेल तर मागच्या गिअरच्या सगळ्यात मोठ्या चकतीला किमान ३२ दात हवेत.

पहिला मुक्कामाजोगा थांबा एस्पान्याक. अरुंद पूल ओलांडला की जुन्या मठाची वास्तू, आणि तिच्यावर लाकडी चौकटीत विटा भरलेला विचित्र, पण फार गोड घंटामनोरा. इथे एके काळी ऑगस्टिनी पंथाच्या जोगिणी राहत. आता त्याच आवारात स्पेनमधल्या सांतियागोला चालत जाणाऱ्या पदयात्रेकरूंचा मुक्काम पडतो. त्या यात्रेचा एक उपमार्ग, जीआर ६५१, याच खोऱ्यातून जातो. दारापाशी धुळीने माखलेल्या बुटांची रांग होती आणि एक आजी पायाच्या फोडांना पट्ट्या लावत बसल्या होत्या. मावसभाऊ दोनदा पंढरीची वारी चालला आहे. एक शब्द फ्रेंच येत नसताना आपल्या पिशवीतली फोडांची सुई-दोरा काढून त्याने त्यांना फोडातून दोरा कसा ओवायचा ते दाखवलं. फोटो काढायचा राहिला.

पुढे ब्रांगपासून कड्यांकडे लक्ष ठेवा. उंचावर, गुहेच्या तोंडाशी बांधलेल्या भिंती दिसतात. लोक त्यांना 'इंग्रजांचे किल्ले' म्हणतात, कारण शतवार्षिक युद्धात हा मुलूख इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात भरडला गेला. घळीत लपलेलं ते बांधकाम पाहून आपल्याकडच्या घाटवाटांवरच्या चौक्या आठवल्या. मार्सियाकला त्या युद्धाची खूण उघडीच पडली आहे: बेनेडिक्टिन मठाच्या चर्चचा पुढचा भाग छप्पराविना उभा आहे आणि नेहमीची प्रार्थना मागच्या, नंतर सावरलेल्या भागात होते. ऊन कलल्यावर त्या भग्न भागात बसलो. एक मांजर सोडलं तर कुणी नव्हतं. पहिला मुक्काम इथेच केला, अंतर साधारण ३५ किलोमीटर.

आता जेवणाबद्दल, कारण हाच खरा प्रश्न. हा बदकाचा मुलूख आहे: बदकाची तंगडी, बदकाचं यकृत, अगदी बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत तळलेले. मी खातो, मावसभाऊ माळकरी. त्याला तारलं काबेकूने. काबेकू म्हणजे शेळीच्या दुधाच्या चीजची छोटी चपटी चकती. ती पावावर भाजून, पानांवर ठेवून, वरून अक्रोड. जवळजवळ प्रत्येक खानावळीत ही थाळी मिळते. मात्र 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही, बेकनचे तुकडे न विचारता टाकतात. 'मांस नको, मासे नकोत, बेकनही नको' असं तीनदा सांगा, आणि बटाटे कशात तळलेत तेही विचारा. दुसरं म्हणजे वेळ. दुपारचं जेवण बारा ते दीड. पावणेदोनला पोचलात तर खुर्च्या उलट्या टाकलेल्या दिसतील. खोऱ्यात दुकानंही मोजकी, म्हणून पाव, चीज आणि फळं सकाळीच पिशवीत भरा. पाण्यासाठी गावाबाहेरचं कब्रस्तान शोधा, तिथे बहुधा नळ असतो. इथले सायकलस्वारही तेच करतात. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, तेवढं पाहून घ्या.

दुसऱ्या दिवशी सोलियाकवरून काब्रेरेला आलो. गावाच्या वर पेश मेर्लची गुहा आहे, आणि या सहलीतलं एकच ठिकाण चुकवू नका म्हणायचं झालं तर ते हे. १९२२ मध्ये दोन पोरं तिच्यात सरपटत शिरली आणि चित्रं सापडली. गावचे पाद्री लमोझी हे स्वतः पुरातत्त्वाचे अभ्यासक, त्यांनीच पोरांना गुहांचा नाद लावला होता. आत भिंतीवर दोन ठिपकेदार घोडे आहेत, वय सुमारे २९,००० वर्षं. ते ठिपके कल्पनेतले, असं बरीच वर्षं मानलं जाई. २०११ मध्ये प्राचीन घोड्यांच्या डीएनएवरून कळलं, की असे ठिपक्यांचे घोडे त्या काळी खरोखरच होते. घोड्यांच्या भोवती हाताचे छाप आहेत, हात भिंतीला लावून वरून रंग फुंकलेले. एके ठिकाणी ओल्या मातीत उमटलेलं एका पोराचं पाऊलही तसंच राहिलं आहे.

इथे प्रतिकृती नाही, खरी गुहा दाखवतात, म्हणून दिवसाला सातशेच माणसं सोडतात. तिकीट आधी काढा. आम्ही काढलं होतं, पण दुपारचं. गावातून गुहेपर्यंतचा चढ तीनेक किलोमीटरचाच, तरी खडा. घामाने चिंब होऊन थेट आत शिरलो. गुहेत बारा-तेरा अंश. पाऊण तास दोघंही कुडकुडत होतो आणि मार्गदर्शक बाई दयेने पाहत होत्या. कोरडा शर्ट आणि जाकीट वर न्या. हिवाळ्यात गुहा बंद असते, तेव्हा तारखा पाहून बेत आखा.

वर आलाच आहात तर पठारावर थोडं फिरा. याला इथे कोस म्हणतात. खुरटे ओक, दगडी बांध आणि चुन्याशिवाय रचलेल्या गोल झोपड्या. लांबून कोकणातला सडा वाटतो. पण सड्यावर पावसाळ्यात पाणी साचून डबकी होतात, इथली चुनखडी पडलेला थेंब गिळून टाकते आणि तोच खाली गुहा कोरतो. पठारावर पाण्याचा भरवसा धरू नका.

काब्रेरेच्या खाली सेले लोतला मिळते आणि शांतता संपते. मोठा डी ६६२ लागतो. पूल ओलांडून बूझिएसला गेलो, सायकली बांधल्या आणि नदीकाठची ओढवाट पायी पाहिली. माल भरलेल्या होड्या प्रवाहाविरुद्ध ओढून नेता याव्यात म्हणून कड्याच्या पोटात कोरलेली ही वाट. ती चालणाऱ्यांची आहे, सायकल घालू नका. मग डी ४० ने चढून सॅं-सिर्क-लापोपी. २०१२ मध्ये फ्रेंच लोकांनी मत देऊन आवडतं ठरवलेलं गाव, आणि त्याची शिक्षाही ते भोगतं आहे. दुपारी नाशिकच्या मेन रोडवर दिवाळीत असते तेवढी गर्दी. पण सहानंतर गाड्या निघून गेल्या, की कड्याच्या टोकावरून खाली शंभर मीटरवर नदीचं वळण पाहायला तुम्ही आणि पाकोळ्या. म्हणून तिथे रात्रीच राहा, नाहीतर जाऊच नका. ऑगस्टमध्ये तर नकोच. मे-जून किंवा सप्टेंबर बरा.

तिसरा दिवस तीसेक किलोमीटर, डी ६६२ आणि वेर्सनंतर डी ६५३. हा तुकडा सुंदर असूनही मला आवडला नाही, कारण गाड्या वेगात येतात. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर सोडूनच ओलांडायचं असा कायदा आहे आणि बहुतेक जण पाळतात. आम्ही रविवारी सातला निघून साडेनऊला काऑरमध्ये होतो. तुम्हीही रविवारची सकाळच धरा. बोगद्यांसाठी मागचा दिवा हवाच, आणि अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकतं जाकीट सक्तीचं आहे. गावात शिरताना उजवीकडच्या गल्लीकडे लक्ष असू द्या: पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. आपल्या सवयीत हे बसत नाही, माझा एकदा करकचून ब्रेक लागला. वेर्सजवळ कड्यात कोरलेल्या रोमन पाटाचे अवशेष दिसतात. काऑरला पाणी या पाटातून जात असे.

काऑरचा वालांत्रे पूल १३०८ मध्ये बांधायला घेतला, पुरा व्हायला सत्तरेक वर्षं गेली. काम रखडलं म्हणून मिस्त्रीने सैतानाशी करार केला, अशी कथा आहे. मी सांगेन ते सगळं केलंस तर माझा आत्मा तुझा. शेवटी त्याने सैतानाला चुना कालवायला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं. सैतान हरला, आणि रागाने रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड उचकटू लागला. १८७९ च्या दुरुस्तीत वास्तुविशारद पोल गूने त्या कोपऱ्यात दगड धरून लोंबकळणारा छोटा दगडी सैतानच बसवून घेतला. मान वर करून शोधावा लागतो.

काऑरहून तुलूझ आणि पॅरिस, दोन्हीकडे थेट गाड्या आहेत. पॅरिसच्या गाडीत सायकलची जागा तिकिटाबरोबरच राखून घ्या, मागाहून मिळेलच असं नाही. काऑर ते फिझाक मात्र रेल्वे उरलेली नाही, नदीकाठची जुनी लाइन बंद पडली, तेव्हा गाडी फिझाकला ठेवून परत येण्याचा बेत नको. आमच्या गाडीला दोन तास होते. इथली वाइन इतकी गडद की तिला काळीच म्हणतात, मालबेक द्राक्षाची. नाशिकच्या द्राक्षांवर घरातल्या तीन पिढ्या जगलेल्या माझ्या माळकरी भावाने ग्लास उजेडात धरून रंग पाहिला, वास घेतला, आणि माझ्याकडे सरकवला.