ठाणे ते तंजावर, मिस्ड कॉल देत देत

आईची अट एकच होती: टोलनाका आला की मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंग, मग कट. ती उचलणार नाही, मी बोलायचं नाही. पाचपाखाडीतल्या घरी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती पेन्सिलनं एकेक काडी मारणार, आणि काड्या वाढतायत म्हणजे मुलगी धडधाकट आहे, असा हिशेब. मी बावन्न वर्षांची आहे, हे सांगून काही उपयोग नव्हता.

तंजावरच का, याचं उत्तर जरा खुळचट आहे. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब बघते, दिवसभर ऑनलाइन फॉर्म भरते. शहरांच्या यादीत ठाण्याच्या अगदी खाली तंजावर येतं. बोट घसरून मी दोन-तीनदा तंजावरची रहिवासी झालेय. एकदा सबमिट करण्याआधी चूक लक्षात आली आणि वाटलं, इतक्यांदा पत्ता दिलाय तर एकदा जाऊन तरी यावं. विमानानं त्रिची गाठता येतं, पण मला रस्त्यानं जायचं होतं. साधारण १,४०० किलोमीटर, जाऊन-येऊन तेरा दिवस, सोबतीला सात वर्षांची वॅगनआर. याआधी एकटीनं मारलेली सगळ्यात लांब मजल नाशिक. मैत्रिणी म्हणाल्या, भीती नाही वाटत? संध्याकाळी सहाला घोडबंदर रोडवर गाडी काढणाऱ्या बाईला हे विचारू नये.

संक्रांत झाल्यावर लगेच निघाले. पहाटे पाचला ऐरोलीचा पूल, मग ठाणे-बेलापूर रोड, कळंबोली, एक्स्प्रेस वे. नियम आधीच ठरवले होते: दिवसाला चारशे किलोमीटरच्या आत, अंधार पडायच्या आधी मुक्काम, दोन तासांनी उतरून पाय मोकळे करायचे. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला होता, ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे राज्याचा असल्यानं तिथं चालत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी खालापूरला पैसे कापल्याचा मेसेज आल्यावर जीव हळहळलाच. मग खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी. ट्रिंग ट्रिंग, कट. सातारा ते कागल रस्त्याच्या कामामुळे इतकी वळणं-डायव्हर्जन की त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की संध्याकाळी कोल्हापुरात पार्किंगवाला म्हणाला, "आक्का, गाडी जरा फुडं घ्या." पुढचे बारा दिवस मी आक्काच राहिले. कानडीत अक्का, तमिळमध्येही अक्का. भाषा दोनदा बदलली, नातं तेच.

दुसऱ्या दिवशी बेळगाव, हुबळी करत दावणगेरे. तिसऱ्या दिवशी मुद्दाम हायवे सोडला. चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे नावाचं गाव आहे, तिथं शहाजीराजांची समाधी आहे. २३ जानेवारी १६६४ला शिकारीत घोडा अडखळून ते पडले आणि गेले. आपल्या शाळेच्या पुस्तकात शहाजीराजे बंगळूरकडे जातात आणि मग धडा शिवनेरीकडे वळतो. ते इथं असे एकटे राहिलेत. समाधी साधी, दगडी. मी तिळगुळाचा एक लाडू कट्ट्यावर ठेवला आणि उगाच इकडे-तिकडे बघितलं, कुणी हसत नाहीये ना.

परतताना, दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, अरुंद रस्ता, आणि मागून फडफड आवाज. पंक्चर.

निघण्याआधी मी ऑइल, कूलंट, वायपर, चारही टायरची हवा तपासली होती. स्टेपनीची नाही. डिकीतलं सगळं सामान रस्त्याच्या कडेला मांडलं, स्टेपनी बाहेर काढली, अंगठ्यानं दाबली आणि ती कणकेसारखी दबली. पान्यावर उभी राहून उडी मारली तरी चाकाचा एक नट हलेना. तेवढ्यात लुनावरून एक आजोबा आले, मागे सुपारीचं पोतं. त्यांनी आधी मला, मग डिकीतून काढलेल्या लोणच्याच्या बरणीला न्याहाळलं. "अक्का, स्टेपनी इदेया?" मी स्टेपनीकडे बोट दाखवलं आणि हातानंच हवा गेल्याचं सांगितलं. त्यांनी पोतं उतरवलं, पान्याच्या दांड्यात रस्त्याकडेचा एक पाइपाचा तुकडा अडकवला, वर भार दिला, आणि नट कुरकुरत सुटला. नरम स्टेपनी बसवून माझ्यापुढे लुना चालवत, दर शंभर मीटरवर मागे वळून बघत, त्यांनी मला पंक्चरवाल्यापर्यंत नेलं. पैसे घेईनात. तिळगूळ घेतला, एक खाल्ला, दोन खिशात टाकले. "तिळगूळ घ्या, गोड बोला" मी म्हटलं, तर त्यांनी कानडीत काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. गोडच असावं.

चित्रदुर्गला पोचेपर्यंत दुपार टळली. तिथली ओबव्वाची खिंड मला पाहायचीच होती. हैदरअलीचे सैनिक कातळातल्या एका फटीतून किल्ल्यात शिरत होते, पहारेकरी नवरा जेवायला घरी गेला होता, आणि त्याच्या बायकोनं मुसळ घेऊन आत येणारा एकेक जण टिपला. कानडीत मुसळाला ओनके म्हणतात, म्हणून ती ओनके ओबव्वा. मी त्या फटीतून वाकून, जवळजवळ रांगत बाहेर आले. डोकं आधी बाहेर येतं, आणि तेव्हा आपल्याला समोरचं काही दिसत नाही. कमरेला पाना असता तर मीही दोघांना लोळवलं असतं, असं त्या दिवशी वाटत होतं.

बंगळुरात मावसभावाच्या बिल्डिंगमध्ये गाडी लावली आणि मेट्रोनं फिरले; हे शहर गाडीनं बघायचं नाही, हा माझा ठाम सल्ला. लालबागेत एक खडक आहे, सुमारे ३०० कोटी वर्षं जुना. त्यावर बसून लोक भेळ खात होते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी हे शहर म्हैसूरच्या वडियारांना तीन लाखांना द्यायचं ठरवलं होतं, असं सांगतात. भावाला म्हटलं, तीन लाखांत आज काय येतं? तो म्हणाला, "ताई, आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगसुद्धा नाही येत."

तमिळनाडूत शिरल्यावर दारोदारी रांगोळ्या दिसू लागल्या. तिरुवण्णामलैला मुक्काम करून सकाळी जिंजी गाठली. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. राजाराम महाराज १६८९मध्ये रायगडहून निसटून इथं आले आणि मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या वेढ्यात हा किल्ला वर्षानुवर्षं टिकला. मी राजगिरी चढले तेव्हा कळलं कसा टिकला. शेवटी एक खोल दरी आणि त्यावर पूल. पूल काढला की संपलं. माझे गुडघे तर त्याआधीच संपले होते. एक माकड माझी पाण्याची बाटली घेऊन गेलं. तो वेढा काही मी फोडू शकले नाही.

तंजावरच्या बृहदीश्वरासमोर मात्र गप्प झाले. कौपिनेश्वराची पिंड केवढी मोठी, हे आम्ही ठाणेकर पाहुण्यांना हमखास सांगतो. यापुढे जपून सांगेन. राजराज चोळानं १०१०च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ, शिखर दोनशे फुटांहून उंच. पण मी आले होते ते एका भिंतीसाठी. प्राकारात तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३मध्ये भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. आजूबाजूला सगळं तमिळ, आणि ही भिंत अचानक आपली. बोट न लावता हवेतच ओळ धरून वाचत गेले. भाषा जुनी, शब्द एकमेकांना चिकटलेले, चार-पाच नावं लागली, मग अडखळले. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "वाचायला येते?" मराठीत! शब्द आपले, चाल पूर्ण तमिळ. घरी अजून बोलतात म्हणाले. मी ठाण्याची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "एकटीच आली?" इतक्या दिवसांत तो प्रश्न पहिल्यांदा ऐकावासा वाटला. त्यांनाही तिळगूळ दिला. डबा तिथं संपला.

सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं आणि सरफोजींच्या आवडीनिवडी बघण्यात एक दिवस गेला. हा राजा डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसकट नोंद ठेवायचा. बाजारात मान डोलावणारी तंजावरची बाहुली घेतली आणि डॅशबोर्डवर बसवली.

तिथल्या शेवटच्या दिवशी त्याच राजाचा मनोरा. तंजावरहून साठ-पासष्ट किलोमीटर, समुद्राकाठी. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून इंग्रजांचा मित्र या नात्यानं त्यानं १८१४मध्ये हा षट्कोनी मनोरा बांधला. मराठी राजानं, तमिळ किनाऱ्यावर, एका फ्रेंच माणसाच्या पराभवासाठी. याहून विचित्र थांबा मला नकाशावर सापडला नसता. रस्ता खराब होता, बाहुली सगळ्याला होकार देत होती.

पुढे पाल्कचा उपसागर. लाटा नाहीत, उथळ, करडा, चिखलाचा वास. थेट आपल्या खाडीसारखा. आपल्याकडे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, इथं समुद्रगायींसाठी राखीव क्षेत्र आहे. मला एकही दिसली नाही.

फोन लावला. दोन रिंग झाल्या, मी कट केला नाही. चौथ्या रिंगला आईनं घाईघाईनं उचलला.

"काय गं, काय झालं? नाका आला का?"

"नाही. समुद्र आला."

पलीकडे जरा शांतता.

"मग आता काडी मारू की नको?"